२०२५ ची वाकळ: एका वर्षाचे कपडे जोडतानाच्या नोंदी

डिसेंबर लागला की फोनवर वर्षभरातल्या गाजलेल्या कपड्यांच्या याद्या सुरू होतात, कोण कुठे काय घालून आलं, आणि मी त्या सगळ्या बघते, खोटं कशाला बोलू. यंदा बघता बघता लक्षात आलं की ह्यातल्या बऱ्याच गोष्टींची आमच्या घरातली स्वस्त नक्कल कपाटात पडून आहे. म्हणून ठरवलं, २०२५ ची गोधडी करायची. नियम एकच, मुख्य चौकोन अशाच कपड्याचा जो ह्या वर्षी घरात कोणीतरी घातला आणि ज्याची काहीतरी आठवण आहे. विकत फक्त अस्तर, दोरा, सुया. मला शिवण सरळ टीप मारण्यापुरतंच येतं, मशीन आईची जुनी, पायाची. कोणाला करायचं असेल तर आधी माझ्या चुका वाचा मग कापड कापा.

७ डिसेंबर २०२५, रविवार

कपाटं उपसली. दोन तास म्हणता म्हणता पाच गेले कारण प्रत्येक कपड्यामागे एक गोष्ट आणि भाचीला ती सांगायचीच असते (ती इथे कॉलेजला आहे, आमच्याकडेच राहते). शेवटी जमिनीवर उरलेला ढीग: संक्रांतीची काळी सुती साडी, पाडव्याची शिवलेली नऊवारी, एप्रिलमध्ये घेतलेला फिकट पिवळा कुर्ता, मे मधल्या लग्नाची मोतिया साडी, नवऱ्याचं जॅकेट, तुटकी कोल्हापुरी, नवरात्रातलं रंगीत सगळं, वर्ल्ड कपची निळी जर्सी, आणि भाचीच्या बॅगेला लटकणारं ते दात काढलेलं केसाळ बाहुलं, लबुबू. बाकी चौकोन नवऱ्याच्या जुन्या शर्टांचे.

माप ठरवलं ६० बाय ८४ इंच. चौकोन १२ इंची, आडवे ५ उभे ७, म्हणजे ३५. मांडणी सापशिडीची, खाली डाव्या कोपऱ्यात जानेवारी, पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उलटी, असं वर वर डिसेंबरपर्यंत. हे डोक्यात आलं ते जूनमधल्या पॅरिसच्या लुई व्हितॉन ह्या ब्रँडच्या फॅशन शोमुळे, तिथे पॉम्पिदू सेंटरपाशी आर्किटेक्ट बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईनं जमिनीवर भलीमोठी सापशिडी मांडली होती आणि मॉडेल पोरं तिच्यावरून चालत गेली. लोक वा वा करत होते आणि मला आपला मोक्षपट आठवत होता, सापशिडीचा जुना अवतार, ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडतात तो. कोणी तरी फोटो बघून "ल्युडो" लिहिलं होतं, असो.

१३ डिसेंबर, शनिवार

रविवार पेठेत अस्तराचं कापड घ्यायला. पँटोन ह्या रंगांच्या कंपनीनं २०२५ चा रंग म्हणून मोका मूस सांगितला होता, तपकिरी आहे, मला तोच पाहिजे होता. दुकानदाराला फोनवर दाखवला तर म्हणाला "कॉफी कलर म्हणा की ताई". सुती, ४४ इंच पन्हा, मीटरला १४०, पाच मीटर घेतलं, ७००. २०२६ चा रंग आत्ताच जाहीर झालाय, क्लाउड डान्सर, म्हणजे सरळ पांढरा. बरं झालं मी २०२५ ची गोधडी करतेय, पांढरं अस्तर आमच्या घरात आठवडाभर टिकलं नसतं.

घरी येऊन कापड रात्रभर पाण्यात टाकलं. वाळल्यावर मोजलं तर फूटभर आटलेलं. हे एक काम मी पूर्ण प्रकल्पात पहिल्या फटक्यात बरोबर केलं.

१४ डिसेंबर, रविवार

मोठी चूक. १२ इंची चौकोन पाहिजेत म्हणून पुठ्ठ्याचा साचा १२ इंचाचाच कापला आणि धडाधड ११ चौकोन कापून मोकळी. शिलाईसाठी चारी बाजूंना अर्धा अर्धा इंच जाणार हे लक्षातच नाही, म्हणजे साचा १३ चा हवा. भाची म्हणाली, "आत्या, तू इंजिनियर आहेस ना?" तिला चहा करायला पाठवलं.

फेकायला जीव होईना कारण त्यात संक्रांतीची काळी साडी आणि नऊवारी दोन्ही गेलेल्या. ह्या नऊवारीची गंमत म्हणजे ती पाडव्याला, ३० मार्चला, भाचीनं शोभायात्रेत बाइकवर घातली होती, गॉगल फेटा सगळं, फोटो एकदम झकास, आणि उतरताना पोटरीपाशी सायलेन्सरला चिकटून एवढं मोठं भोक. नेमका भोकाजवळचा तुकडाच मला हवा होता.

उपाय: प्रत्येक तोकड्या चौकोनाला दोन बाजूंना, एक उभी एक आडवी, पट्टी जोडली. पट्टी २ इंच कापायची, शिवून १ इंच दिसते. त्यासाठी ब्लाउजमधून उरलेल्या खणाचे काठ वापरले. चार तास जास्त गेले पण खरं सांगते हे ११ चौकोन बाकीच्यांपेक्षा उठून दिसतात, आता लोकांना सांगेन की डिझाइनच तसं होतं.

२० डिसेंबर, शनिवार

कोल्हापुरीचा दिवस. माझ्या मते २०२५ मधला आपल्यासाठी सगळ्यात मोठा फॅशनचा प्रकार हाच. २२ जूनला मिलानमध्ये प्राडा ह्या इटालियन ब्रँडच्या पुरुषांच्या शोमध्ये पोरांच्या पायात सरळ सरळ आपली कोल्हापुरी, आणि नाव काय तर लेदर सँडल. कोल्हापूरचं नाव कुठेच नाही. २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात, आणि ह्यांना दिसली फक्त चप्पल. बोंबाबोंब झाल्यावर प्रेरणा भारतातल्या चपलेची म्हणून कबूल केलं, मग त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन गेली, आणि ह्याच महिन्यात बातमी की दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार, दोन हजार जोड इथे बनवून घेणार, साधारण ८०० युरोला एक जोड. मी माझी कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत घासाघीस करून घेतली होती तेव्हा ५० रुपये कमी करून घेतल्याचा आनंद झाला होता. आता तो आनंद जरा टोचतो.

तर ती मिलानची बातमी आल्यावर जूनमध्ये मी माळ्यावरून माझी जोडी काढली आणि मिरवायला म्हणून पावसात घातली. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं, पाणी लागलं की फुगतं, हे माहीत असून घातली. पट्टा उकलला. तो पट्टाच गोधडीत घालायचा होता.

१. मशीनवर, १६ नंबरची सुई. तिसऱ्या टाक्याला सुई मोडली, तुकडा चष्म्यावर आपटला. चष्मा नसता तर, नको तो विचार.

२. दाभणानं हातानं शिवला. जमलं, दीड तास लागला, बोट सुजलं.

३. संध्याकाळी बघते तर पट्ट्याभोवती पिवळट तेलाचं वलय. चप्पल मऊ राहावी म्हणून मीच एरंडेल चोपडलं होतं. शिवाय हे धुणार कसं, हा विचार आधी नाही का करायचा.

काढून टाकला. शेवटी तपकिरी खणातून चपलेचा आकार कापून वरून शिवला. खणाची कड फार सुटते, नुसती कापून लावू नका, पाव इंच आत दुमडून इस्त्री करा मगच टाका घाला. अंगठा आणि वेणी साखळी टाक्यानं. खरी गोष्ट म्हणून चपलेचा गोंडा तेवढा लावला, तोही बटणावर, धुताना काढता येईल असा.

२१ डिसेंबर, रविवार

जॅकेट उसवलं. मे मध्ये न्यूयॉर्कच्या मेट गालाला, त्या फॅशनच्या सोहळ्याला, शाहरुख पहिल्यांदा गेला, सब्यसाचीचा काळा लांब कोट, गळ्यात मोठं इंग्रजी के अक्षर, हातात वाघाच्या मुठीची काठी, ते बघून नवऱ्यानं लग्नातलं काळं जॅकेट काढलं आणि मे च्या उकाड्यात एका रिसेप्शनला घालून बसला. नंतर सप्टेंबरच्या ४ तारखेला इटालियन डिझायनर जॉर्जिओ अरमानी गेले, ९१ वर्षांचे होते, तेव्हा वाचलं की ह्या माणसानं जॅकेटच्या आतलं पॅडिंग अस्तर बकरम काढून टाकून ते शर्टासारखं मऊ केलं आणि त्यावरच नाव कमावलं. म्हटलं आपणही काढून बघू आत काय असतं.

आत गोंद. म्हणजे आमच्या जॅकेटात तरी. छातीला बकरम शिवलेलं नाही, फ्युझिंग इस्त्रीनं चिकटवलेलं, ते ओढलं की वरच्या कापडाला डाग आणि पापुद्रे. ड्रायक्लीन केल्यावर छातीवर फुगे आले होते ते का, हे बारा वर्षांनी कळलं. खांद्याच्या पॅडमध्ये स्पंज, तोही पिठासारखा भुगा झालेला, घरभर. पुढची बाजू पूर्ण वाया, पाठीच्या कापडातून दोन चौकोन निघाले, पाठीला फ्युझिंग नसतं. उसवायला तीन तास. ब्लेडनं उसवू नका, शिवण उसवायचा काटा मिळतो ३० रुपयांना तो घ्या, मी ब्लेड वापरून अंगठा कापला आणि मग काटा आणला.

नवरा बघत होता. काही बोलला नाही. नंतर विचारलं, "हे मला विचारून केलंस का?" विचारलं होतं, मॅच चालू असताना.

२७ डिसेंबर, शनिवार

मोतिया साडी. मे मध्ये कानच्या फिल्म फेस्टिव्हलला ऐश्वर्या पांढरी बनारसी नेसून, भांगात ठसठशीत कुंकू भरून आली, मनीष मल्होत्राची साडी, आणि आठवड्याच्या आत तसल्याच दिसणाऱ्या साड्या सगळीकडे. मी २,४०० ला घेतली, मामेबहिणीच्या लग्नात नेसले, तर तीन जणींनी विचारलं लग्नात पांढरी का गं. तिची ती कढुआची, म्हणजे एकेक बुट्टी वेगळी विणतात, मागे लोंबते धागे राहत नाहीत. माझी यंत्रावरची, मागे एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत धागे सोडून नंतर कातरलेले. लग्नातच जोडवं अडकून एक बुट्टी निघाली होती. आज कात्री लावल्यावर तर कापलेल्या कडेची प्रत्येक बुट्टी गळायला लागली, चौकोन हातात घेईपर्यंत अर्धी नक्षी सतरंजीवर.

उपाय: कापायच्या आधी मागून पातळ मलमल पसरून, खडूनं चौकोन आखून, त्या रेषेच्या आतून एक टीप मारायची आणि मग टिपेच्या बाहेरून कापायचं. एक चौकोन वाया गेला, दुसरा असा वाचला. एरवी ही साडी मी परत नेसणार नव्हतेच.

लबुबू. भाचीनं आग्रह केला म्हणून नोंद. खोटंच होतं, स्टेशनबाहेरचं, १५० चं. केसाळ कापड कापलं की केस उडतात, बॉबिन केसमध्ये जाऊन बसले, मशीन जाम. मेकॅनिक ४५०. ह्या गोधडीतला सगळ्यात महागडा तुकडा हाच आणि शेवटी तो लावलाच नाही.

२८ डिसेंबर, रविवार

जर्सी. २ नोव्हेंबरच्या रात्री आपल्या मुलींनी डी. वाय. पाटीलला वर्ल्ड कप जिंकला ती रात्र ज्यांनी जागवली त्यांना सांगायला नको. भाची सांगलीची, स्मृती मानधना सांगलीची, म्हणजे घरचंच कार्य. पाठीवर १८ लिहिलेली निळी जर्सी तिनं सलग तीन दिवस घातली. माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात भारी कपडा तो आणि त्यात मेट गाला, कान सगळं धरून.

आणि मी काय केलं तर त्या १८ वर कॉटनची इस्त्री फिरवली. पॉलिएस्टर वितळलं, १ इस्त्रीला चिकटला, ८ अर्धा राहिला. भाची रडली. खरंच रडली, मला वाटलं होतं हसेल. इस्त्रीचा तवा जाड मीठ कागदावर पसरून गरम इस्त्री घासून साफ झाला. जर्सीचा दुसरा उपाय नाही. उरलेल्या निळ्यावर पांढऱ्या सुती कापडाचा १८ कापून तिनं स्वतः हातानं शिवला, मला हात लावू दिला नाही. आठाचं पोट वाकडं झालंय. तिला चालतंय.

असल्या कापडाला इस्त्री उलट्या बाजूनं, मध्ये सुती कापड ठेवून, सगळ्यात कमी उष्णतेवर. किंवा नखानं घडी पाडा, पुरते.

४ जानेवारी २०२६, रविवार

नवरात्राचा चौकोन: एकाच चौकोनात नऊ रंग, ५ इंचाचे नऊ तुकडे, तीन ओळी. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला सोमवारी पांढऱ्यानं सुरुवात झाली, मग लाल, निळा, पिवळा. नवरात्र दहा दिवसांचं आल्यामुळे दहाव्या दिवशी कुठला रंग ह्यावर ऑफिसच्या ग्रुपवर भांडण झालं होतं, मी दहावा घेतलाच नाही. राखाडी कोणाकडे नसतोच, मोज्याचा घेतला, हसू नका.

लाल घेतला आईच्या इरकलच्या पदराचा. सगळं शिवून शिलाई बसवायला ओल्या फडक्यावरून इस्त्री केली आणि लाल रंग शेजारच्या फिकट पिवळ्या चौकोनात हा एवढा उतरला. हा पिवळा म्हणजे २०२५ चा बटर यलो, मार्चमध्ये ऑस्करला टिमोथी शालमे तसला सूट घालून आला आणि मग दुकानांतून सगळीकडे तोच. आमच्या मावशीच्या भाषेत श्रीखंडी. श्रीखंडावर कुंकू सांडल्यासारखं झालं. मीठ, व्हिनेगर, थंड पाणी, सगळं केलं. डाग फिका झाला आणि पसरला.

चार शिलाया उसवून पिवळा बदलला (कुर्त्याची बाही शिल्लक होती). लाल तुकडा पाण्यात टाकला, सहा पाणी बदललं तरी गुलाबीच येतंय, म्हणून बाद. त्याजागी पक्क्या रंगाच्या ब्लाउजचं कापड. प्रत्येक गडद तुकडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. दोन मिनिटं लागतात. माझा रविवार गेला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मावशी तासगावहून आली, गुडघ्याच्या ट्रीटमेंटसाठी महिनाभर आहे. वरचा थर जोडून पूर्ण झालाय तो तिला उलगडून दाखवला. खूप वेळ बघून म्हणाली, "वाकळ शिवायलीस का झेंडा?" मग हातानं एकेक चौकोन चोळून पाहिले आणि शर्टांचे चौकोन आवडले म्हणाली. मी तिला प्राडाची गोष्ट सांगितली. "आठशे युरो म्हंजे किती?" सांगितलं. म्हणाली आमच्या बानं जन्मभर एक जोड घातली.

मधल्या थराला मी पॉलिफिलची, म्हणजे कृत्रिम कापसाची गादी घेणार होते, तिनं नको म्हटलं, स्वतःची दोन विटलेली सुती लुगडी बॅगेतून काढली. ती घेऊनच आली होती, फोनवर मी गोधडीचं बोलले होते तेवढ्यावर.

२५ जानेवारी, रविवार

दहा दिवसांचं काम उसवतेय. मावशीला खाली बसता येत नाही म्हणून आम्ही दिवाणावर पसरून धावदोरा घालत होतो, बाहेरच्या कडेपासून आत आत, ओळीत एक बोट अंतर. वरून छान. आज उलटून बघितलं तर अस्तराला जागोजाग चुण्या. कारण दिवाणाची गादी मऊ, हात टेकला की तिन्ही थर वेगवेगळे सरकतात. जमिनीवर बसून शिवतात ते उगाच नाही.

केलं असं: सगळं उसवून फरशीवर अस्तर ताणून कडा चिकटपट्टीनं बसवल्या, त्यावर लुगडी, त्यावर वरचा थर, मधून बाहेरच्या दिशेनं हातानं साफ करत वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके. हे टाके मी आधी आळसानं घातलेच नव्हते. मग डायनिंग टेबलवर घेऊन शिवलं, मावशी खुर्चीवर, टेबल कडक असल्यामुळे चालतं. जिथे जॅकेटचा लोकरी तुकडा आणि भाचीच्या जीन्सचा चौकोन येतो तिथे सुई जातच नाही, पक्कड लावून ओढली. (जीन्स ही शेवटची भर, डिसेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भुयारी स्टेशनात शनेलचा शो झाला तो हैदराबादच्या भविता मंडवानं साध्या जीन्स-स्वेटरमध्ये उघडला, भाचीला ते फार भिडलं.) अंगुस्तान मला जमत नाही, मावशीनं बोटाला चिंधी गुंडाळून दिली.

८ फेब्रुवारी, रविवार

झाली. चार कोपऱ्यांना त्रिकोणी फुलं मावशीनं लावली. मध्यभाग बंद करायच्या आधी तिनं चिमूटभर तांदूळ आत सोडले, वाकळेचं पोट रिकामं ठेवत नाहीत म्हणाली. मी किड्यांचं काढलं तर ऐकूनच घेतलं नाही.

खर्च: अस्तर ७००, दोरा ५ रिळं १७५, सुया आणि दाभण ६०, काटा ३०, मेकॅनिक ४५०, मलमल ९०. एकूण १,५०५. मेकॅनिक वगळला तर हजाराच्या आसपास. वेळ मी लिहून ठेवलेला ६८ तास, त्यातले निदान २० चुका निस्तरण्यात, मावशीचे तास वेगळे, तिनं मोजू दिले नाहीत. वजन साडेतीन किलो. सापशिडी म्हटलं पण साप आणि शिडी दोन्ही लावायचे राहिले, नुसता पट झालाय.

१५ फेब्रुवारी, रविवार

पहिली धुलाई. बादलीत, थंड पाण्यात, गोंडा काढून. रंग गेला नाही. मोतिया चौकोनाच्या दोन बुट्ट्या गेल्या. पिळता येत नाही, दोघींनी दोन टोकं धरून गच्चीच्या कठड्यावर टाकली, वाळायला दोन दिवस.

मावशी उद्या जाणार. रात्री थंडी वाजते म्हणाली म्हणून तिला तीच दिली, सगळे चौकोन वर करून नीट पसरून. पाणी प्यायला उठले तेव्हा बघितलं, तिनं उलटी करून घेतली होती. कॉफी कलर वर, आणि शाहरुख ऐश्वर्या सगळे खाली गादीकडे तोंड करून. सकाळी विचारलं तर म्हणाली, "टोचतंय गं ते तुजं लग्नातलं."